विजेचं ओझं: हँडल मारणाऱ्या जवानापासून पोर्टेबल पॉवर स्टेशनपर्यंत

गेल्या महिन्यात सुभेदारसाहेबांचा फोन आला. आमच्या पलटणीत ते सिग्नल प्लाटूनमध्ये होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. आता पाटण तालुक्यात गावच्या घरी असतात.

"रामराम साहेब. एक सल्ला पाहिजे. दिवाळीला नातवंडं येणार आहेत, त्यांना धरणाच्या काठावर तंबूत झोपायचंय. आणि पावसाळ्यात आमच्याकडची लाईट, तुम्हाला काय सांगायचं. कोयनेची वीज साऱ्या महाराष्ट्राला जाते आणि आम्ही मेणबत्ती शोधतो. पोरगा म्हणतो, आता डबा मिळतो, पोर्टेबल पॉवर स्टेशन. कुठला घेऊ?"

मी म्हटलं, "सुभेदारसाहेब, आठ दिवस द्या. नीट सांगतो."

खरं तर कुठल्याही जाहिरातीत उत्तर तयार होतं. पण मी ह्याच प्रश्नाचं उत्तर एकदा चुकवलेलं आहे आणि त्या चुकीची किंमत माझ्या वडिलांना मोजावी लागली असती. म्हणून हा लेख. तो डबा निवडण्याबद्दल आहे, पण सुरुवात जरा मागून करतो. सोबत नेता येणारी वीज हा शोध दुकानातला नाही. तो मोठ्या प्रमाणात तारघरांत, छावण्यांत आणि रणभूमीवर घडला. आज डबा घेताना जे प्रश्न विचारायचे, ते सगळे आपल्या आधीच्या सैनिकांनी पाठीवर वाहिलेले आहेत.

माझी चूक

आमचं घर रायगड जिल्ह्यात, समुद्राजवळ. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ मुरूड-श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आलं आणि त्या पट्ट्यातल्या कित्येक गावांत पुढचे अनेक दिवस वीज नव्हती. वडिलांना फुप्फुसाचा जुना आजार. रात्री झोपताना आणि धाप लागली की ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागतो. तेव्हा कसंबसं एका सिलिंडरवर निभावलं. मी लडाखमध्ये होतो. सुट्टी नाही, विमान नाही, फक्त फोन.

त्यानंतर मी शहाण्यासारखं एक पॉवर स्टेशन विकत घेऊन घरी पाठवलं. ५०० वॉट-तासांचं. आकडा चांगला मोठा वाटला. वापरून बघितलं नाही. आईला फोनवर सांगितलं, "आता काळजी नको."

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं. १७ मेच्या पहाटे लाईट गेली. आईनं कॉन्सन्ट्रेटर डब्याला जोडला. एक तास दहा मिनिटांनी डबा बंद पडला. बाहेर वारा, रस्त्यावर झाडं, आणि देशभर ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी रांगा लागलेल्या होत्या. वडील वाचले ते एका कारणासाठी: निसर्गच्या वेळचा सिलिंडर आईनं परत न देता भरून ठेवला होता. त्यात साधारण १५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला एक लिटर या हिशेबानं पंचवीस तास. फक्त झोपेत आणि धाप लागली तेव्हाच लावून त्यांनी दोन रात्री काढल्या. तिसऱ्या दिवशी वीज आली.

डब्यात बिघाड काहीच नव्हता. कॉन्सन्ट्रेटरच्या मागच्या पट्टीवर ३५० वॉट लिहिलेलं होतं. ५०० वॉट-तासांतले इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारे वगळता ४२५ उरतात. ४२५ भागिले ३५०, म्हणजे सव्वा तासाच्या आतबाहेर. चौथीतला भागाकार. एनडीएत गणित शिकलो, रसद किती दिवस पुरेल याचे हिशेब आयुष्यभर केले, आणि स्वतःच्या घरी तो भागाकार केला नाही.

तोफखान्यातला शब्द

'बॅटरी' हा शब्द मुळात आपलाच, म्हणजे तोफखान्याचा. ओळीनं मांडलेल्या आणि एकत्र मारा करणाऱ्या तोफा म्हणजे बॅटरी. १७४० च्या दशकाच्या अखेरीस बेंजामिन फ्रँकलिननं वीज साठवणाऱ्या काचेच्या बरण्या एकत्र जोडल्या आणि त्या मांडणीला तोफांचं नाव दिलं. आजच्या पॉवर स्टेशनचं झाकण उघडलं तर आत तेच दिसेल: लहान लहान सेल ओळीनं जोडलेले.

सतत वाहणारी वीज देणारा पहिला संच इटलीच्या व्होल्टाचा. २० मार्च १८०० रोजी त्यानं लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना पत्र लिहून तो कळवला. चांदी आणि जस्ताच्या चकत्या, मध्ये खारट पाण्यात भिजवलेला पुठ्ठा किंवा कापड. एवढंच.

हिंदुस्थानात विजेला पहिलं मोठं काम तारेनं दिलं. कलकत्त्यातले डॉक्टर विल्यम ओशॉनेसी यांनी १८३९ मध्ये तारेचे प्रयोग केले, १८५०-५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर लाइन टाकली, आणि १८५५ पर्यंत कलकत्ता, आग्रा, मुंबई, मद्रास जोडले गेले. ११ मे १८५७ रोजी दिल्लीतून अंबाल्याला गेलेल्या तारेमुळे पंजाबातले इंग्रज अधिकारी वेळेत सावध झाले, हे आपण शाळेत वाचलं. त्याच्या पुढचं कमी वाचलं जातं. १८५८ मध्ये कॉलिन कॅम्पबेलचं सैन्य लखनौवर चालून गेलं तेव्हा पॅट्रिक स्टुअर्ट या बंगाल इंजिनिअर्सच्या अधिकाऱ्यानं सैन्यामागोमाग तार टाकत नेली. तारेसोबत तिला वीज पुरवणारी रासायनिक बॅटरीही आलीच. म्हणजे सैन्याबरोबर चालणारी वीज आपल्या भूमीवर १८५८ सालीच पोहोचली होती.

त्या बॅटऱ्यांची खोड एकच. आतला धातू आणि द्रव खर्च झाला की पुन्हा नवीन घालायचा. वीज परत भरता येत नव्हती. पोर्टेबल पॉवर स्टेशनबाबत पहिला प्रश्न इथूनच येतो: रिकामं झाल्यावर पुढे काय?

शिसं, खेचर आणि दंड

परत भरता येणारी बॅटरी १८५९ मध्ये फ्रान्सच्या गॅस्टन प्लांतेनं केली. शिशाचे पत्रे आणि गंधकाम्ल. १८८१ मध्ये कामिल फोरनं पत्र्यांवर शिशाच्या संयुगाचा लेप देऊन तिची ताकद वाढवली. तुमच्या घरच्या इन्व्हर्टरखाली आज जी बॅटरी आहे ती याच घराण्यातली. १५० अँपिअर-तासांची, १२ व्होल्टची एक बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास. वजन पन्नास-साठ किलो. आणि तिला दीर्घायुष्य हवं असेल तर निम्म्याच्या खाली उतरवायची नाही. म्हणजे साठ किलो उचलायचे आणि ९०० वॉट-तास वापरायचे.

घराच्या कोपऱ्यात ती चालते. पाठीवर घ्यायची वेळ आली की इतिहास सुरू होतो.

१९४३ च्या सुरुवातीला विंगेटच्या चिंडिट दळानं ब्रह्मदेशात जपानी फळीच्या मागे मुसंडी मारली. सुमारे तीन हजार माणसं, सात कॉलम. रसद सगळी विमानातून टाकलेली. विमान बोलवायचं तर वायरलेस, वायरलेसला बॅटऱ्या, बॅटऱ्यांना चार्जिंग इंजिन, इंजिनाला पेट्रोल, आणि हे सगळं वाहायला खेचरं. डोंगर चढताना खेचर घसरलं तर कॉलमचा आवाज गेला. १९४४ च्या दुसऱ्या मोहिमेत खेचरांनी ओरडू नये म्हणून त्यांच्या स्वरतंतूंवर शस्त्रक्रिया केली होती. पण मुक्कामाला इंजिन सुरू करावंच लागे. खेचर मुकं करता आलं, इंजिन नाही.

जिथं इंजिनही जात नसे तिथं हॅन्ड जनरेटर. महूला एका युनिटच्या दालनात जुन्या सेटशेजारी ठेवलेला असा एक जनरेटर मी पाहिला. तिपाईसारखे पाय, वर बसायला छोटी बैठक, समोर पेटी आणि दोन्ही बाजूंना हँडल. जवान घोड्यावर बसल्यासारखा बसून दोन्ही हातांनी सायकल मारल्यासारखी हँडलं फिरवणार, तेव्हा शेजारचा ऑपरेटर बोलणार. सुभेदारसाहेबांनी रिक्रूट असताना ते फिरवलेलं आहे. त्यांचं एक वाक्य मला पाठ आहे: "ऐकताना हँडल हलकं असायचं साहेब, पण उस्तादानं बोलायला बटण दाबलं की असं जड व्हायचं, की वाटायचं कुणी पलीकडून धरलंय."

वॉट आणि वॉट-तास यांतला फरक याहून सोपा मी कुठं वाचलेला नाही. हँडल किती जड, ते वॉट. किती वेळ फिरवत राहायचं, ते वॉट-तास. डब्यावर दोन्ही आकडे असतात आणि माणसं एकच वाचतात. मीही एकच वाचला होता.

आणखी एक हिशेब. धडधाकट माणूस तासभर सलग हँडल मारून साधारण ७५ वॉट देऊ शकतो. लाईटबिलावरचं एक युनिट म्हणजे १००० वॉट-तास. ते भरायला एका जवानाला तेरा-चौदा तास न थांबता हँडल मारावं लागेल. आपण घरी ते युनिट काही रुपयांत घेतो आणि गीझर चालू ठेवून विसरतो.

इंजिनाचे दिवस

पुढे छोटी पेट्रोल जनरेटरं आली. १९६५ मध्ये होंडानं ई-३०० नावाचं ३०० व्होल्ट-अँपिअरचं, हातात धरून नेता येणारं जनरेटर काढलं आणि ही वस्तू सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. आपल्याकडे लग्नाचे मांडव, गणपती, दुकानं आणि दवाखाने अनेक वर्षं याच जातीच्या यंत्रांवर चालले. फौजेतही जनरेटरचा आवाज आला की माणसं घड्याळ लावत, जेवणाची वेळ झाली म्हणून.

इंजिन अजूनही वाईट नाही. पेट्रोल आहे तोवर ते चालतं, आणि मोठा भार लांबवर न्यायचा तर आजही त्याला तोड नाही. पण दोन गोष्टी पोस्टिंगनं शिकवल्या. उंचीवर हवा विरळ, त्यामुळे साध्या इंजिनाची ताकद दर हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी घटते. लेहच्या साडेतीन हजार मीटरवर एक तृतीयांश ताकद गेलेली असते. दुसरी गोष्ट जिवावरची. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही. बंद खोलीत बुखारी पेटवून झोपू नये हे आपण प्रत्येक नव्या तुकडीला सांगतो. तेच जनरेटरला लागू. व्हरांड्यात नाही, जिन्याखाली नाही, तंबूजवळ तर नाहीच. घराच्या आत निर्धास्त ठेवता येणारा, धूर नसलेला वीजस्रोत हवा, ही डब्याची खरी गरज इथून निर्माण झाली.

लिथियमचा डबा

१९७० च्या दशकात स्टॅन्ली व्हिटिंगहॅम, १९८० मध्ये ऑक्सफर्डला जॉन गुडइनफ, १९८५ मध्ये जपानात अकिरा योशिनो, अशा तीन टप्प्यांत लिथियम-आयन बॅटरी तयार झाली. १९९१ मध्ये सोनीनं ती बाजारात आणली. तिघांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते, नोबेल मिळालेले सर्वांत वयोवृद्ध. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकी सैन्यात हवामानतज्ज्ञ होते, म्हणजे आपल्याच बिरादरीतले.

आपल्या कामाची गोष्ट त्यानंतरची आहे. १९९७ मध्ये टेक्सास विद्यापीठातून गुडइनफ यांनी पाढी आणि नंजुंडस्वामी या भारतीय सहकाऱ्यांबरोबर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला: लोह आणि फॉस्फेट वापरून केलेला धन ध्रुव. आज जाहिरातीत 'एलएफपी' किंवा 'लायफेपो-फोर' लिहिलेलं असतं ते हेच. निकेल-कोबाल्टच्या सेलपेक्षा हा जरा जड आणि जरा मोठा. पण फॉस्फेट आपला ऑक्सिजन घट्ट धरून ठेवतं, त्यामुळे सेल तापून पेट घेण्याचा धोका बराच कमी. आणि आयुष्य मोठं: निकेलच्या जातीचे साधारण ५०० ते ८०० वेळा भरून उतरवता येतात, एलएफपी दोन-तीन हजार किंवा त्याहून जास्त वेळा. घरात, म्हाताऱ्या माणसांच्या पलंगाशेजारी ठेवायचा डबा असेल तर मी दुसरी जात बघणारच नाही.

याचं एक वैर थंडीशी. शून्य अंशाच्या खाली लिथियमचा सेल भरू नये. आत धातूचा थर जमतो आणि सेल कायमचा बिघडतो. चांगल्या डब्यातली नियंत्रण यंत्रणा अशा वेळी चार्जिंग थांबवते. लडाखच्या हिवाळ्यात आम्ही बॅटऱ्या स्लीपिंग बॅगमध्ये कुशीत घेऊन झोपत असू, आणि नवे जवान हसत. एकदा सकाळी स्वतःचा सेट मुका निघाला की हसू थांबे. हिमाचल किंवा लडाखला गाडीनं फिरायला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं: डबा रात्री गाडीत नाही, तंबूत आपल्याजवळ, आणि भरायचा तो ऊन चढल्यावर.

डबा कसा निवडायचा

आता सुभेदारसाहेबांच्या प्रश्नावर येतो.

पहिलं काम दुकानात जाण्याचं नाही. वही घ्यायची आणि लिहायचं: काय बंद पडलेलं चालणार नाही, ते किती वॉटचं, किती तास. तंबूतल्या एका रात्रीचा हिशेब असा. ५ वॉटचे दोन कंदील, पाच तास: ५०. चार मोबाईल, प्रत्येकी १५: ६०. कॅमेरा वगैरे: २०. एकूण १३० वॉट-तास. दोन रात्रींचे २६०. पंधरा टक्के वाया जातील म्हणून ०.८५ नं भागायचं: सुमारे ३०५.

घरचा हिशेब. ९ वॉटचे दोन दिवे, पाच तास: ९०. नव्या बीएलडीसी जातीचा ३० वॉटचा पंखा, सहा तास: १८०. तीन मोबाईल: ४५. वायफायचा राउटर, पाच तास: ५०. एकूण ३६५, भागिले ०.८५, म्हणजे ४३०. तोच पंखा जुना, ७५ वॉटचा असेल तर एकट्या पंख्याचे ४५० होतात. तेव्हा मोठा डबा घेण्याआधी पंखा बदलणं कधीकधी स्वस्त पडतं.

दुसरं, हँडल किती जड. डबा एका वेळी किती वॉट देऊ शकतो ते बघायचं आणि यंत्र सुरू होतानाचा धक्का लक्षात घ्यायचा. फ्रिज चालताना दीडशे वॉट खात असेल, पण कॉम्प्रेसर सुरू होतो त्या क्षणी त्याच्या कित्येक पट मागतो. आणि उष्णता निर्माण करणारं काहीही छोट्या डब्यावर लावू नये. एक लिटर पाणी उकळायला शंभर-सव्वाशे वॉट-तास जातात. किटली दीड हजार वॉटची असेल तर छोटा डबा ती घेणारच नाही. चहाला गॅस किंवा चूल.

तिसरं, भरणार कशानं. चिंडिटांचा प्रश्न. भिंतीच्या सॉकेटवर किती तासांत भरतो? गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटमधून साधारण १०० वॉट मिळतात. म्हणजे ५०० चा डबा भरायला पाच तासांहून जास्त गाडी चालवावी लागेल. १०० वॉटचं घडीचं सोलर पॅनेल कडक उन्हात दिवसाला चारशे वॉट-तासांच्या आसपास देतं. पण कोकणात आणि घाटमाथ्यावर वीज जाते ती पावसाळ्यात, आणि तेव्हा ढगाखाली त्याच पॅनेलमधून शंभर मिळाले तरी नशीब. सोलर तंबूसाठी घ्या. वादळासाठी त्याच्यावर विसंबू नका.

चौथं, वाहणार कोण. ५०० चा एलएफपी डबा सहा-सात किलोचा, हजाराचा दहा ते चौदा किलोचा. घरी सत्तरीच्या पुढची दोन माणसं असतील तर चौदा किलोचा डबा जिथं ठेवला तिथंच राहतो. आणि सुट्टीवर विमानानं जाणाऱ्या जवानांसाठी: १०० वॉट-तासांपर्यंतची पॉवर बँक केबिनमध्ये चालते, १६० पर्यंत विमान कंपनीच्या परवानगीनं, त्याच्यावर प्रवासी विमानात नेता येत नाही. पॉवर स्टेशन विमानतळावर काढून घेतील. ते रस्त्यानं पाठवायची सोय आधी बघा.

आता बारीक गोष्टी. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा हवा. नाहीतर पंखे घुंगावतात आणि वैद्यकीय यंत्रं बिघडू शकतात. क्षमता एमएएचमध्ये सांगितली तर फसू नका. एक लाख एमएएच ऐकायला डोंगराएवढं वाटतं, ३.२ व्होल्टच्या सेलचे ते फक्त ३२० वॉट-तास. मोबाईल डब्याच्या यूएसबीवर भरा, एसी सॉकेटवर नाही. आणि झोपताना एसीचं बटण बंद करा: इन्व्हर्टर नुसता चालू राहिला तरी दहा-एक वॉट खातो, रात्रीत शंभर वॉट-तास गेले. लिथियमच्या बॅटऱ्यांसाठी बीआयएसचं आयएस १६०४६ हे मानक आहे, त्याची नोंद बघा. डबा जुना झाला की भंगारवाल्याला देऊ नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार तो परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे.

राखीव

वडिलांकडे आज अशी व्यवस्था आहे. दिव्या-पंख्यांसाठी शिशाच्या बॅटरीचा साधा इन्व्हर्टर. कॉन्सन्ट्रेटरसाठी हजार वॉट-तासांचा एलएफपी डबा. तो अडीच तासांच्या आत संपतो हे आम्ही घड्याळ लावून तपासलं आहे आणि डब्यावर चिकटपट्टी लावून आईच्या अक्षरात लिहिलं आहे. त्या डब्यानं रात्र काढायची नाही. त्यानं फक्त सिलिंडर जोडेपर्यंत, गाडी येईपर्यंत, तालुक्याच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंतचा वेळ द्यायचा. आणि भरलेला सिलिंडर कोपऱ्यात उभा आहेच, ज्याला वीज लागतच नाही. ज्यांच्या घरी असं यंत्र आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांशी हा हिशेब आधीच करून ठेवावा. वादळात करू नये.

कुठलीही योजना राखीव दलाशिवाय पुरी होत नाही हे आम्हाला अकादमीत शिकवतात. राखीव दल पहिल्या फळीपेक्षा वेगळ्या जागी असावं, म्हणजे एकाच माऱ्यात दोन्ही जात नाहीत, हेही शिकवतात. मी विजेला राखीव म्हणून वीजच ठेवली होती. वीज न लागणारा सिलिंडर आईनं ठेवला. ती कुठल्या अकादमीत गेलेली नाही.

आठ दिवसांनी सुभेदारसाहेबांना फोन केला. सगळा हिशेब सांगितला. म्हटलं, "घरात कुणाला श्वासाचं यंत्र वगैरे?"

"नाही साहेब. देवाची कृपा."

"मग पाचशेचा घ्या. एलएफपी, प्युअर साइन. शंभर वॉटचं पॅनेल सोबत. त्याहून मोठा नको. उचलवणार नाही आणि लागणारही नाही."

माझ्या घरी चुकीचा ठरलेला तोच पाचशेचा आकडा त्यांच्या घरी बरोबर आहे. दुकानदाराला हे कळायचं कारण नाही. ते आपल्या वहीतच कळतं.

"आणि सुभेदारसाहेब, तो नुसता पडून राहिला तर ऐन वेळी रिकामा निघेल. महिन्या-दोन महिन्यांनी बघायचा. वादळाचा किंवा अतिवृष्टीचा इशारा आला की त्याच दिवशी पूर्ण भरायचा."

पलीकडे जरा शांतता. मग म्हणाले, "दर महिन्याची एक तारीख. ड्यूटी चार्टला माझंच नाव लावतो साहेब. हँडल मारण्यापेक्षा बरं."

जय हिंद.